ग्रुपवरचा पाणउतारा थांबवा: शिक्षण विभागातल्या ॲडमिन साहेबांना खुलं पत्र

प्रति,
तालुका आणि केंद्र पातळीवरच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांचे सर्व ॲडमिन
(गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि ज्यांच्या हाती ग्रुपची किल्ली आहे ते सगळे)

स.न.वि.वि.

1 जून 2025, रविवार. सकाळी 9 वाजून 10 मिनिटांनी मला तालुक्याच्या ग्रुपमधून काढण्यात आलं. आदल्या दिवशी मी निवृत्त झाले होते, तेव्हा काढणं रास्तच. माझी जन्मतारीख 1 जून. आमच्या पिढीत ज्यांच्या आईबापांना तारीख सांगता यायची नाही, त्यांना शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून वाटून टाकली; म्हणून दरवर्षी मेअखेरीला आमच्या निवृत्तीची जत्रा भरते. तक्रार काढल्याची नाही. पण 35 वर्षांच्या नोकरीचा शेवटचा कार्यालयीन निरोप म्हणून पडद्यावर ती एक करडी ओळ आली, तिच्या आधी ‘बाई, धन्यवाद’ एवढंही नाही. सोबतच्या शिक्षकांनी तरी लिहायचं कसं म्हणा! मार्चपासून त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतात.

हे पत्र त्या मार्चमधल्या निर्णयाबद्दल आहे.

फेब्रुवारीत आम्ही 23 शिक्षकांनी सह्या करून एक निवेदन दिलं होतं. जेमतेम पाऊण पान. त्यात वेतन, बदली, अशैक्षणिक कामं यांतलं काही नव्हतं. मागणी एकच होती: ग्रुपवर नावानिशी कुणाचा पाणउतारा करू नये, काही चुकलं असेल तर ज्याचं चुकलं त्याला सांगावं. आवक शिक्का मारून पोच घेतली. उत्तराचं पत्र आजतागायत आलेलं नाही. आठव्या दिवशी ग्रुपची सेटिंग बदलली आणि खाली सूचना आली, ‘यापुढे सदर ग्रुपवर केवळ सूचना दिल्या जातील. अनावश्यक प्रश्न उपस्थित करणाऱ्यांची गय केली जाणार नाही.’

आम्ही म्हटलं, साहेब, जरा हळू बोला. तुम्ही आमचंच तोंड बंद केलंत.

नोकरीत असताना मी हे जाहीर लिहिलं नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला 1967 चे वर्तणूक नियम आहेत आणि ते मी पाळले. आता त्यांतून सुटले. (पेन्शनची फाइल अजून तुमच्याच टेबलांवरून फिरतेय, त्यामुळे अगदीच निर्भयपणे लिहितेय असं म्हणणार नाही.) तालुक्याचं आणि कुणाचंही नाव यात घालत नाही. नावं चव्हाट्यावर आणू नका असं सांगायला बसले आहे, तेव्हा तेवढं पथ्य मला पाळायलाच हवं.

आधी लाल यादीबद्दल.

डिसेंबर 2024. अपार आयडी काढायची घाई चालू होती. प्रत्येक विद्यार्थ्याचा हा 12 अंकी ओळख क्रमांक काढायचा तर पालकांचं संमतिपत्र लागतं, आणि यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचं मुलाचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. शाळेच्या दाखल्यावर ‘गणेश’, आधारवर ‘गनेश’, की अडलं. आधार दुरुस्तीला आईबापांनी मुलाला घेऊन केंद्रावर जायचं. आणि आमच्या भागातले आईबाप डिसेंबरात कुठे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऊसतोडीच्या फडावर. कोयता घेऊन दिवाळीनंतर निघतात ते उन्हाळा लागल्यावर परततात. घरी म्हातारी आणि नातवंडं. सही कुणाची घ्यायची आणि आधार केंद्रावर न्यायचं कुणी?

अशा दिवसांत एका रात्री 10 वाजून 47 मिनिटांनी ग्रुपवर एक्सेलच्या तक्त्याचा फोटो पडला. 14 शाळा, 14 मुख्याध्यापकांची नावं, त्यांपुढे झालेल्या अपार कामाचे टक्के, ओळी लालभडक रंगवलेल्या. वर मथळा होता, ‘कामचुकार शाळा’. आणि खाली, ‘पगार घेताना लाज वाटत नाही का?’

त्या 14 नावांत शेजारच्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी होते. वय 56. टक्के 38. शाळेत रेंज येत नाही म्हणून शाळा सुटल्यावर ते मारुतीच्या देवळामागच्या टेकाडावर जाऊन, मांडीवर रजिस्टर घेऊन मोबाइलवर माहिती भरायचे. मी स्वतः पाहिलंय. उरलेली सगळी मुलं फडावर गेलेल्यांची होती. ग्रुपमध्ये तीनशेच्या वर माणसं. तीनशे माणसांत पडलेली गोष्ट कार्यालयीन राहत नाही हो. सकाळी गुरुजी एसटीतून उतरले तेव्हा पारावर बसलेल्या एका पोराने, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोराने, मोबाइल पुढे केला. ‘गुरुजी, हे तुम्हीच ना?’

गुरुजी हसले म्हणे. त्या दिवशी त्यांनी पहिला तास घेतला नाही, मुलांना चित्रं काढायला बसवलं.

पुढच्या आठवड्यात नवी यादी आली. तीत गुरुजींची ओळ हिरवी होती; दोन बापांना फोन करून, साखर कारखान्याच्या गाडीतून संमतिपत्रं मागवून घेतली होती त्यांनी. त्याबद्दल ग्रुपवर चकार शब्द नाही. लाल करताना नाव घेतलं, हिरवं झाल्यावर नुसता रंग बदलला.

आता नियमाचंच बोलू, कारण आपल्याकडे नियमाशिवाय कुणी ऐकत नाही. महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, 1964 काढून पाहा. त्यात शिक्षांची यादी आहे आणि ‘ठपका ठेवणे’ ही त्यातली एक शिक्षा आहे. सर्वांत सौम्य, पण शिक्षाच. ती द्यायची तर कर्मचाऱ्याला आधी लेखी कळवावं लागतं, त्याचं म्हणणं मांडायला संधी द्यावी लागते, मग आदेश निघतो. कागदावर ज्याला इतके सोपस्कार लागतात, ते ग्रुपवर अंगठ्याच्या एका दाबात, रात्री पावणेअकराला, तीनशे साक्षीदारांसमोर उरकलं जातं. म्हणणं मांडायची सोय आधी नावापुरती होती, मार्चपासून तीही नाही. आणि या ठपक्यावर अपील कुठे करायचं? तो कुठल्या नोंदवहीत नाही, त्याला जावक क्रमांक नाही. फक्त गावातल्या पोराच्या मोबाइलमध्ये आहे.

दुसरं, भाषेबद्दल. मला कोडं पडतं ते असं. ज्या साहेबांनी ती ‘लाज’वाली ओळ लिहिली, त्यांच्या कार्यालयात मी जानेवारीत सेवापुस्तकाच्या कामाला गेले होते. उठून उभे राहिले. ‘या बाई, बसा,’ म्हणाले, शिपायाला चहा सांगितला, गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं. माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. ढोंग नव्हतं ते, माणूस खरोखरच चांगल्या घरचा आहे. हाच माणूस समोर मी नसताना, पडद्याकडे बघून, ‘झोपा काढता का?’ असं कसं लिहितो? समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पडलेला दिसतो, म्हणून जीभ आवरते. ग्रुपवर चेहरे दिसत नाहीत, नुसते निळे टिक दिसतात. एवढाच अर्थ मी लावू शकले.

पाचवीच्या मुलांना आम्ही पत्रलेखन शिकवतो. वडिलांना ‘तीर्थरूप’, लहान भावाला ‘चि.’, अधिकाऱ्याला ‘मा.’, शेवटी ‘आपला विश्वासू’. मायना चुकला तर गुण कापतो. तुम्हीही कधीतरी कुणा बाईंकडून, गुरुजींकडून हे शिकला असाल. मेसेजला मायना नको, मान्य, घाई असते. पण ‘माहिती पाठवावी’ आणि ‘माहिती आत्ताच्या आत्ता आली पाहिजे, सबबी नकोत’ यांत वेळ कितीसा वाचतो? उलट दुसरं वाक्यच लांब आहे. आणि त्या ‘अन्यथा होणाऱ्या परिणामास आपण स्वतः जबाबदार राहाल’ या वाक्याला तर आता काही अर्थच उरलेला नाही. झेंडावंदनाचे फोटो मागतानासुद्धा ते असतं.

वेळेबद्दल थोडक्यात. ‘आज सायं. 5 पर्यंत’ असा आदेश 4 वाजून 20 मिनिटांनी येतो. त्या वेळी चौथीचा भागाकार चालू असतो. मोबाइल बघितला तर मुलं म्हणतात बाई फोनवर असतात, आणि नाही बघितला तर रात्री लाल यादी. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावू नये असं आहे. माहितीच्या लिंका त्यात बसतात की नाही, या वादात मी पडत नाही. भरू आम्ही. पण सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शाळांना नाही. शनिवारी तुमचं कार्यालय बंद, आमची सकाळची शाळा चालू, आणि ग्रुप तर दोघांचाही उघडा. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून 2018 साली सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. कायद्याची वाट न बघताही माणसाला रात्री दहानंतर दुसऱ्याच्या घरात न शिरण्याचं ठरवता येतं.

अपवाद सांगते. मुसळधार पावसाने उद्या शाळा बंद, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रात्री अकरालाही टाका. त्या मेसेजवर आजवर एकाही शिक्षकाने तक्रार केलेली नाही.

आमच्याकडूनही कमी घाण होत नव्हती, हे कबूल करते. सकाळी फुलं, सुविचार, उगवता सूर्य. एकाचा वाढदिवस असला की साठ केक. ‘निरंक असल्यास निरंक कळवावे’ म्हटलं की ज्याची माहिती निरंक नाही तोही निरंक लिहून मोकळा, आणि त्या शंभर-सव्वाशे निरंकांच्या खाली मूळ सूचना गाडली जायची. त्यावर तुम्ही चिडलात तर तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ग्रुपला शिस्त हवी, हे मलाही मान्य आहे.

पण शिस्तीचा एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या केंद्रातल्या एका बाईंची आई गेली. रजेचा अर्ज करायला त्या बिचाऱ्यांना सुचलं नाही. पहाटे दवाखान्यातून त्यांनी ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. कुणीतरी लगेच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं, मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. अकरा झाल्या असतील. बारावा मेसेज ॲडमिनचा होता. ‘सदर ग्रुप केवळ कार्यालयीन कामकाजासाठी आहे. काल दिलेली लिंक 41 शाळांनी भरलेली नाही.’

नियमाप्रमाणे बरोबर. त्या बाई अजूनही तो मेसेज उघडून बघतात. कशाला बघता म्हटलं तर म्हणतात, पुसून टाकायला हात होत नाही, माझ्या आईच्या मरणाची बातमी त्याच्या वरच आहे.

आता माझं स्वतःचं सांगते, म्हणजे हे पत्र नुसतं वर बोट दाखवणारं होणार नाही. 2020. कोरोना. ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे...’ या उपक्रमाचा अभ्यास रोज वर्गाच्या पालक ग्रुपवर टाकायचा होता. मुलांनी वहीत सोडवून फोटो पाठवायचे आणि आम्ही आकडा वर कळवायचा. आकडा कमी आला म्हणून एका संध्याकाळी मला ग्रुपवर बोलणी बसली, नाव घेऊन. अर्ध्या तासात मी माझ्या पालक ग्रुपवर लिहिलं, ‘तिसऱ्यांदा सांगते आहे. तुम्हाला मुलाच्या शिक्षणाची काळजी नसेल तर आम्ही काय करणार?’ आणि वर एका मुलाच्या आजीचं नाव.

आजींकडे फोन नव्हता. नंबर शेजारच्या किराणा दुकानदाराचा होता, त्याने उपकारापोटी दिलेला. त्याने तो मेसेज दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने वाचून दाखवला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आजींना वाचता येत नाही, मग वाचून दाखवायलाच हवं ना. मला हे कळलं ते आठवड्याने, जेव्हा नातू अभ्यास घ्यायला दुकानात जायचाच थांबला. तोंडाला मास्क बांधून मी त्यांच्या घरी गेले. आजी दारातच बसल्या होत्या, शेंगा फोडत. म्हणाल्या, ‘बाई, काळजी हाय की. पर फोन न्हाय.’

मी माफी मागितली. मग दुकानात जाऊन, जी चार माणसं होती त्यांच्यापुढे, चूक माझी होती हे पण सांगितलं. फार जड गेलं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी हिशेब लागला: साहेबांना वरून कुणी बोललं असेल, साहेब मला बोलले, मी आजींना. आजींच्या खाली कुणी नव्हतं, म्हणून ते तिथे थांबलं.

ज्यांच्यासाठी मुख्यतः लिहायला बसले त्यांच्याबद्दल आता. नवे शिक्षण सेवक. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन दोनशे-तीनशे किलोमीटरवरून आलेली पोरं-पोरी. तीन वर्षं 16,000 रुपये मानधन, त्यात खोलीभाडं, आणि कायम होण्याचा शेरा तुमच्याच हाती. आमच्या शाळेत आलेली मुलगी जेवतानासुद्धा फोन डब्याशेजारी पालथा ठेवायची. थरथरला की घास तसाच हातात धरून उलटा करून बघायची. आपलं नाव नाही दिसलं की मग घास तोंडात. मी एकदा म्हटलं, ‘अगं, जेव आधी.’ तर म्हणाली, ‘बाई, तुमचं ठीक आहे, तुमची दोन महिने राहिली.’ ही मुलगी निवेदनावर सही करणार नाही. प्रश्न तर मुळीच विचारणार नाही. तिच्या वतीने कोण बोलणार, म्हणून मी.

मागण्या मोजक्या आहेत. एकालाही निधी लागत नाही की वरची मंजुरी लागत नाही.

1. नावांच्या, शाळांच्या लाल याद्या ग्रुपवर टाकणं आजपासून बंद करा. ज्याचं काम बाकी आहे त्याला फोन करा किंवा त्याच्या एकट्याच्या नंबरवर लिहा. 14 फोन करायला अर्धा तास लागतो. केंद्रप्रमुखांनी वाटून घेतले तर त्याहून कमी.

2. कुणाचं खरोखरच चुकलं असेल तर रीतसर पत्र द्या, जावक क्रमांकासह, आणि खुलासा मागवा. आम्ही देऊ. कामचुकार शिक्षक आहेतच, मी 35 वर्षं त्यांच्या शेजारी बसले आहे. त्यांना पत्राची भीती वाटते, ग्रुपची मुळीच वाटत नाही. ग्रुपवर फक्त कामाची माणसं जळतात.

3. यादी चुकली, पोर्टलचा आकडा मागे होता, असं निघालं तर जिथे नाव घेतलं तिथेच ‘आमच्याकडून चूक झाली’ एवढं लिहा. दुसऱ्या दिवशी गुपचूप ओळ पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

4. सूचना शाळेच्या दिवशी, संध्याकाळी 6 च्या आत. आपत्ती, सुट्टी, निवडणूक हे वगळून. माहितीला किमान दोन दिवसांची मुदत. वरूनच तासाभराची आली असेल तर तसं लिहा, ‘वरून आत्ताच आलंय, सांभाळून घ्या’. शिक्षक धावतील. कायम धावत आलेत.

5. ग्रुप पुन्हा उघडा. सूचनांसाठी बंद ग्रुप ठेवायचा तर ठेवा, मलाही तो सोयीचा वाटतो, पण शंका विचारायला दुसरा उघडा ग्रुप हवा. तिथे फुलं-केक टाकणाऱ्याला खुशाल समज द्या. एकट्याला.

6. एकेरी, ‘लाज’, ‘झोपा’, ‘पगार कशाचा घेता’ हे बंद. यावर जास्त लिहायची गरज वाटत नाही.

फेब्रुवारीच्या निवेदनाचं लेखी उत्तरही बाकी आहे. 23 जणांपैकी माझ्यासह चौघे आता निवृत्त झाले, 19 अजून नोकरीत आहेत. उत्तर त्यांना द्या. या पत्रामुळे त्यांच्यातल्या कुणाला त्रास झालेला माझ्या कानावर आला, तर पुढचं पत्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे असेल, तेही असंच उघड.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका

ता.क. नव्या सत्राच्या यादीत आमच्या शाळेपुढे अजून माझंच नाव आणि माझाच नंबर आहे, असं कळलं. परवा मला पोषण आहाराच्या माहितीसाठी ‘तात्काळ’ असा मेसेजही आला होता. माझ्या जागी आलेल्या बाईंचा नंबर मी 2 जूनलाच कार्यालयात लिहून दिला आहे, खिडकीजवळच्या टेबलावर, हिरव्या फायलीत. तो ग्रुपमध्ये घाला. आणि घातल्यावर पहिली लिंक पाठवायच्या आधी त्यांचं नाव घेऊन ‘तालुक्यात स्वागत आहे’ एवढं मात्र लिहा.